तिकिटांच्या प्रदर्शनात मुलांची जागा

२०२५ मध्ये रजिस्टर टपाल ही जुनी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली आणि तीत मीही सहभागी होतो. परंतु त्याहून अधिक निकटची अशी एक चिंता मला काही वर्षांपासून लागून राहिली आहे, आणि ती आहे जिल्ह्याच्या गावी अधूनमधून भरणाऱ्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनांविषयीची. पाकिटावर तिकिटाऐवजी बारकोडची चिठ्ठी येऊ लागल्यामुळे मुलांच्या हाती पूर्वी विनासायास पडणारा हा जिन्नस दुर्मीळ झाला, आणि नेमक्या त्याच काळात प्रदर्शनांतूनही मुलांचे स्थान हळूहळू संपुष्टात आले.

आमच्या लहानपणी, कोकण रेल्वे केवळ कागदावरची कल्पना होती त्या दिवसांत, रत्नागिरीला बाहेरच्या जगाची वार्ता प्रामुख्याने टपालानेच येत असे. मुंबईच्या गिरणीत असलेल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर कित्येक घरे चालत. आणि ज्या घरचा माणूस कुवेत, बहारीन किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोटासाठी गेलेला असे, त्या घरी येणाऱ्या पाकिटाकडे आम्हां मुलांचे लक्ष पत्रातील मजकुराच्या आधी लागलेले असे. तिकिटाभोवतीचा कागद कातरून घ्यायचा, तो पाण्यात भिजत घालायचा, डिंक सुटला की तिकीट अलगद काढून जुन्या वर्तमानपत्रात वाळवायचे आणि मग वहीच्या पानावर हिंज म्हणजे डिंकाची छोटी कागदी पट्टी लावून डकवायचे, हा विधी आम्ही मोठ्या निष्ठेने पाळत असू.

प्रदर्शन भरे ते शाळेच्या सभागृहात, बहुधा दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. कारण इथल्या पावसाळ्यात तिकिटे एकमेकांना चिकटतात, त्यांच्यावर तांबूस डाग पडतात आणि वर्षानुवर्षे जपलेला संग्रह एका श्रावणात निकामी होतो. आत फळ्यांवर काचेखाली मोठ्या माणसांचे संग्रह मांडलेले असत, प्रत्येक पानावर काळ्या शाईने सुवाच्य अक्षरांत तपशील लिहिलेला असे, आणि आम्ही ते भक्तिभावाने पाहत असू. तथापि प्रदर्शनाचा खरा प्राण बाहेरच्या व्हरांड्यात होता. तिथे बाकांवर मुले आपापल्या वह्या आणि डबल तिकिटांची पाकिटे घेऊन बसत आणि संध्याकाळपर्यंत अदलाबदल चाले. पैशाचा व्यवहार तिथे जवळजवळ नव्हताच. हंगेरीचे ‘मग्यार पोस्टा’ सर्वांकडे असल्याने त्याला भाव नसे, त्रिकोणी तिकिटासाठी तीन-चार साधी द्यावी लागत, आणि अजमानसारख्या छोट्या अमिरातींची ती मोठी, झगझगीत तिकिटे प्रथमदर्शनी भुरळ घालीत असली तरी ती संग्राहकांना विकण्यासाठीच छापलेली आहेत, पत्रावर त्यांनी क्वचितच प्रवास केला आहे, हे एकदा कळले की त्यांची किंमत तिथल्या तिथे उतरे. ‘हेल्व्हेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड आणि ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, हे भूगोलाच्या तासाला न कळलेले ज्ञान अशा सौद्यांतून आम्हांला मिळाले.

काही तिकिटे मात्र कोणत्याही मोबदल्यात कोणी देत नसे. २३ जुलै १९५६ रोजी लोकमान्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेले तिकीट, ज्यांचा जन्म याच गावी झाला त्यांचे, ते ज्याच्या वहीत असे त्याला व्हरांड्यात मान असे. तसेच १९५८ चे महर्षी कर्व्यांचे तिकीट. आपल्याच जिल्ह्यातील शेरवलीला जन्मलेल्या या पुरुषाच्या वयाला १८ एप्रिल रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली, त्याच दिवशी त्यांचे तिकीट प्रसिद्ध झाले, आणि हयात असताना भारतीय तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय होत. एका वृद्ध संग्राहकाने याच व्हरांड्यात आम्हांला समजावून सांगितले की १९४८ पर्यंत कुवेत आणि बहारीन या मुलखांत हिंदुस्थानचीच तिकिटे त्या त्या देशाचे नाव वर छापून चालत असत. ज्या किनाऱ्यांवर आमचे लोक चाकरीला जात, तेथील टपालाची व्यवस्था एके काळी आमच्याच सरकारच्या दप्तरातून होत होती. इतिहासाचा एवढा मोठा धडा इतक्या थोड्या शब्दांत मला पुढे कोणत्याही वर्गात मिळाला नाही.

आजचे प्रदर्शन निःसंशय अधिक शास्त्रशुद्ध आहे. सोळा पानांची एक फ्रेम, अशा फ्रेमांमध्ये विषयाची मांडणी, अभ्यास, दुर्मीळता आणि तिकिटांची स्थिती यांवर परीक्षकांचे गुण, आणि त्यानुसार सुवर्ण, रौप्य, कांस्य पदके, असा सारा इतमाम असतो. या शिस्तीने मराठी संग्राहकांकडून उत्तम संशोधन करवून घेतले, याबद्दल मला आदरच आहे. परंतु शाळांची मुले रांगेने आणली जातात, फ्रेमांसमोरून फिरवली जातात, प्रश्नमंजूषेत बसवली जातात आणि बसमधून परत नेली जातात. त्यांच्या हातात देण्याघेण्यासारखे काही नसते. व्हरांड्यात आता व्यापाऱ्यांची टेबले आहेत, आणि वाडवडिलांचा आल्बम घेऊन आलेले सद्गृहस्थ मोबाइलवर एकच गोष्ट शोधत असतात, ती म्हणजे भाव. यात त्यांचा दोष फारसा नाही. १९४८ च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असे छापून काढलेल्या अवघ्या शंभर प्रतींपैकी चार जोडतिकिटे २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली, ही बातमी वाचल्यावर घरातील जुनी ट्रंक कोण उघडणार नाही?

हा पालट केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत बेसबॉलपटूंची चित्रे असलेली कार्डे च्युइंगगमबरोबर मुलांना मिळत आणि मुले त्यांची अदलाबदल करीत. पुढे भावांची मासिके निघाली, कार्डांची प्रत ठरवून ती पारदर्शक आवरणात कायमची बंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्या कार्डांचे मेळावे मोठ्यांच्या गुंतवणुकीची जागा झाले. मुलाला हात लावता येणार नाही अशी वस्तू मुलाची राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टपाल खात्याने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ चे चंदनगंधी तिकीट, २०११ चे खादीवरील गांधीजी, स्वतःचे छायाचित्र छापून देणारी ‘माय स्टॅम्प’ योजना, आणि २०१७ पासून सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला सहा हजार रुपयांची ‘स्पर्श’ शिष्यवृत्ती, हे सर्व चांगल्या हेतूने झाले. मात्र शिष्यवृत्ती म्हणजे पुन्हा परीक्षा, आणि विशेष तिकिटे ही खिडकीवरून थेट आल्बमात जाणारी. कुणाच्या तरी पत्रावरून दूरचा प्रवास करून, शिक्क्याची शाई अंगावर घेऊन आलेल्या तिकिटाची बरोबरी ती करू शकत नाहीत.

म्हणून रत्नागिरीत यापुढे जेव्हा प्रदर्शन भरेल तेव्हा त्याच्या आराखड्यात एक मोठे टेबल केवळ मुलांच्या अदलाबदलीसाठी राखावे, तिथे खरेदी-विक्रीस मज्जाव असावा, आणि एखादा जाणता संग्राहक दिवसभर तिथे बसावा, अशी माझी टपाल खात्याच्या रत्नागिरी विभागास विनंती आहे. १८२८ साली स्थापन झालेले आपले जिल्हा नगर वाचनालय आणि गावातील शाळा यांनीही महिन्यातून एखादी दुपार यासाठी द्यावी. आणि ज्यांच्या घरी जुने आल्बम पडून आहेत त्यांनी मौल्यवान तिकिटे खुशाल जपून ठेवावीत. पण उरलेली डबल तिकिटे, ज्यांना बाजारात कवडीचाही भाव नाही, ती पाकिटात भरून त्या टेबलावर आणून द्यावीत.