मायूसी वेगळी, डिप्रेशन वेगळे

अलीकडे आपल्याकडच्या बयानांत डिप्रेशनचा विषय निघू लागला आहे. निघतो तो मात्र एकाच ठिकाणी जाऊन थांबण्यासाठी. दिलात अल्लाहची याद नाही म्हणून बेचैनी आहे, नमाज कायम करा, मोबाइल सोडा. आणि शेवटी ते ठेवणीतले वाक्य : मायूसी कुफ्र है.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते, म्हणून माझे पहिले भांडण शब्दांशी आहे. मराठीत या आजाराला नैराश्य म्हणतात. नैराश्य म्हणजे निराशा, निराशेला उर्दूत मायूसी, आणि मायूसी तर कुफ्र! तीन पावलांत आजारी माणूस थेट गुन्हेगार होऊन बसतो. मधुमेहाला कुणी 'गोडाचा हव्यास' असे नाव दिले असते, तर साखरेच्या रुग्णालाही आपण तौबा करायला लावली असती.

ज्या आयतीच्या आधारे हे सांगितले जाते ती सूरह यूसुफमध्ये आहे. अल्लाहच्या रहमतीविषयी निराश होऊ नका, असे हजरत याकूब (अ.) आपल्या मुलांना सांगतात. पण बयान करणाऱ्यांनी तीन आयती मागे का जाऊ नये? तिथे हेच याकूब (अ.) यूसुफच्या विरहात इतके रडले आहेत की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले आहेत. त्यांना डिप्रेशन होते असे मला म्हणायचे नाही. पण अल्लाहवर पूर्ण भरवसा असलेला पैगंबरही दुःखाने शरीराने खचू शकतो, हे कुरआनच सांगते. मग शेजारच्या खालाच्या ईमानाचे माप तुम्ही कोणत्या तराजूत घेता?

हा आजार घरात कसा दिसतो ते बघा. सकाळी चहाचे आधण ठेवणेही डोंगर चढण्यासारखे होते. अंघोळ राहून जाते. फोडणी देता देता हात थांबतो, मूल दोनदा हाक मारते तरी ऐकू येत नाही. नमाजला उभी राहते, पण रकात किती झाल्या ते आठवत नाही, पुन्हा पहिल्यापासून. कुणाची झोप पहाटे तीनला मोडते, कुणी दिवसभर अंथरुणातून उठत नाही. पुरुषांमध्ये हाच आजार अनेकदा चिडचिड होऊन बाहेर येतो, मग तो 'गरम डोक्याचा' ठरतो. बाई मात्र 'आळशी' किंवा 'नाटकी'. आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज चालू असेल तर तो आजार असू शकतो, डॉक्टरला दाखवायलाच हवे.

दाखवतो आपण कुणाला? आमिलाला. तो सांगतो असर आहे, कुणीतरी केले आहे. तावीज, दम केलेले पाणी, मग आणखी एक चिल्ला. दुआ आणि दम यांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो 'औषध बंद करा' म्हणणाऱ्याला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधायला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनाई केली. तामिळनाडूतल्या एर्वाडीत, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवासात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळदंडात असलेले 28 रुग्ण गेले. त्यांना पळताही आले नाही.

यात आपल्या परंपरेशी बेइमानी आहे, हे जास्त झोंबते. दहाव्या शतकात वारलेल्या अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेले दुःख वेगळे आणि कारण सापडत नाही असे, शरीरातून येणारे दुःख वेगळे, असा फरक त्यांनी केला. दुसऱ्यासाठी त्यांनी औषधोपचारही सांगितले. हजार वर्षांनी आम्ही लिंबू कापत बसलो आहोत.

'मग नमाजचा फायदा नाही का?' हा प्रश्न येणारच. आहे. अनेकांना तिने धरून ठेवलेले आहे. पण मोडलेल्या पायाचे प्लास्टर आणि नमाज यांच्यात आपण कधी भांडण लावत नाही. गोळ्या झोपेच्या असतात, सवय लागते, ही भीतीही चुकीच्या माहितीवर पोसली आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या नसतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. रमजानमध्ये वेळा कशा बदलायच्या किंवा रोजे ठेवायचे की नाही, हे डॉक्टरला विचारा. आजाऱ्याला सवलत शरीअतनेच दिली आहे.

आणखी एक भीती, मुलीच्या रिश्त्याची. 'फाइल' बाहेर कळली तर? म्हणून निकाह उरकतात, लग्नाने सुधारेल म्हणतात. ती सासरी आणखी खचते आणि मग 'दिमाग से कमजोर दी' म्हणून परत येते. हा त्या मुलीवर आणि त्या घरावरही जुल्म आहे.

माझी मागणी मशिदींच्या ट्रस्टींकडे आहे. वर्षातून एका जुम्याला मानसोपचारतज्ज्ञाला दहा मिनिटे द्या. बायकांपर्यंत आवाज जाईल अशी व्यवस्था करा. आणि नमाजच्या वेळांच्या फलकाखाली सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक लिहा. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येते. जागा नसेल तर चंद्याच्या यादीतली एक ओळ कमी करा.