निवृत्तिवेतनाचा बागुलबुवा आणि निवृत्तिवेतनाचे आमिष

सरकारी निवृत्तिवेतनाच्या भवितव्याविषयी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पुष्कळ बोलले गेले. तरीही सामान्य माणसाच्या मनातील शंका ओसरली नाही, उलट वाढली. मिरजगावसारख्या बाजारपेठेच्या गावात शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका यांच्याशी बोलावे, तर एकच प्रश्न ऐकू येतो : आम्ही निवृत्त होऊ तेव्हा सरकारच्या तिजोरीत पैसा असेल का? या प्रश्नाला राज्यकर्त्यांनी दिलेली उत्तरे मात्र निवडणुकीच्या पंचांगाप्रमाणे बदलत गेली आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्पष्ट सांगितले की, जुनी योजना पुन्हा आणल्यास १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्याच महिन्यात शिक्षक व पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका आल्या आणि तेच सरकार या प्रश्नाकडे ‘सकारात्मक’ दृष्टीने पाहू लागले. नागपूरच्या शिक्षक मतदारांनी भाजपच्या पाठिंब्यावर उभे असलेले विद्यमान आमदार नागो गाणार यांना पराभूत करून या सकारात्मकतेची किंमत सांगितली. मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचाऱ्यांनी सात दिवस संप केला, समिती नेमली गेली, आणि मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, शेवटच्या वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी विधानसभेत जाहीर झाली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला केंद्राने एकीकृत योजना जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, राज्याच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. विधानसभेची निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर होती. वीस महिन्यांत दिवाळखोरीपासून हमीपर्यंतचा हा प्रवास कोणत्या नव्या आर्थिक ज्ञानामुळे झाला, हे कोणी सांगितले नाही.

आता हिशेबाकडे वळू. प्रस्तुत लेखक जुन्या योजनेखाली निवृत्तिवेतन घेतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. वाचकांनी त्याच्या मताला तेवढी वजावट द्यावी. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना राज्याने अंशदान योजनेत टाकले. त्यात कर्मचाऱ्याच्या वेतनातून १० टक्के कापले जातात. सरकारचा वाटा आरंभी १० व पुढे १४ टक्के झाला. ही रक्कम बाजारात गुंतवली जाते, आणि निवृत्तीनंतर हाती येणारे उत्पन्न बाजाराच्या त्या वेळच्या प्रकृतीवर अवलंबून राहते. महागाई वाढली म्हणून ते वाढत नाही. म्हणजे म्हातारपणाची सारी जोखीम सरकारने उचलून कर्मचाऱ्याच्या खांद्यावर ठेवली. १९८२ मध्ये नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिशी नव्हे, असा निर्वाळा दिला होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या घटनापीठावर होते. तो निर्वाळा कागदावर राहिला आणि हमी तेवढी गेली.

पण आपल्या बाजूच्या मंडळींनीही अर्धे सत्य सांगू नये. जो कारकून २००६ मध्ये पंचविसाव्या वर्षी लागला, तो ५८ वर्षांचा होऊन २०३९ मध्ये निवृत्त होईल. आज जुनी योजना पूर्ववत केली तर सरकारचा १४ टक्क्यांचा वाटा आजच वाचतो आणि देणे पुढच्या दशकांवर जाऊन पडते. राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल प्रदेश येथील सरकारांनी २०२२-२३ मध्ये पुनरुज्जीवनाच्या घोषणा केल्या, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हते असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. रिझर्व्ह बँकेने या योजनेचा भार अंशदान योजनेच्या साडेचारपटींपर्यंत जाऊ शकेल, असे म्हटले आहे; तो आकडा थोडा फुगवलेला मानला, तरी शून्य होत नाही. हमी हवीच, पण हमीसाठी आजपासून निधी वेगळा काढला पाहिजे, आणि तो निधी वेतनदारांच्या नव्हे तर संपत्तीवानांच्या करातून भरला पाहिजे, हे आपण सभेत मोठ्याने बोलत नाही. एकीकृत योजनेत केंद्र सरकारने निदान आपला वाटा १८.५ टक्के केला. तिचा खरा दोष निराळा आहे. निम्म्या वेतनाचा पूर्ण लाभ २५ वर्षांच्या सेवेला आहे. महाराष्ट्रात मागासवर्गीय उमेदवाराला ४३ वर्षांपर्यंत नोकरीत शिरता येते. भरती वर्षानुवर्षे रखडते, आणि चाळिशीत लागलेला माणूस १८ वर्षांत बाहेर पडतो. उशिरा संधी मिळालेल्यालाच कमी निवृत्तिवेतन, असा हा न्याय आहे.

याहून अवघड प्रश्न संपाच्या दिवसांत समोर आला. ‘निम्म्या पगारात आम्ही काम करू’, असे बेकार तरुण म्हणू लागले, आणि सत्ताधाऱ्यांना हायसे वाटले. त्या तरुणांवर चिडण्यात अर्थ नाही. कर्जत तालुक्यातील निराधार म्हातारीला राज्याकडून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ऐंशी वर्षांच्या आतील वृद्धांसाठीचा केंद्राचा हिस्सा २०० रुपये आहे, आणि तो २००७ पासून वाढलेला नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह योजनेखाली १,००० रुपये किमान निवृत्तिवेतन आहे, तेही २०१४ पासून तसेच. एक मुदत आमदार राहिलेल्याला मात्र ५० हजार मिळतात. त्या वेळी तिजोरीची आठवण सभागृहात कोणालाच होत नाही.

वेतनदार आणि निराधार यांची एकजूट अशक्य आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी १९७५ चा व्यवसाय कर आठवावा. दुष्काळी भागातील मजुरांना काम देणारी रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्यासाठी नोकरदारांच्या पगारातून हा कर कापला गेला. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील ज्या कोरडवाहू तालुक्यांत मिरजगाव आहे, तेथील बंडिंगची आणि रस्त्यांची कामे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या करातून काय साधले हे सांगावे लागत नाही. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवसांचा संप झाला, तेव्हाही कर्मचारी लाडावले आहेत, असेच म्हटले जात होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. तहसील कचेरीत निराधारांचे अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणणाऱ्या शिक्षक व कर्मचारी संघटनांच्या तालुका शाखांनी पुढच्या मोर्चाच्या निवेदनात आपल्या मागणीखाली दुसरी मागणी लिहावी : केंद्राचे २०० व भविष्यनिर्वाह योजनेचे १,००० हे दोन्ही आकडे बदला आणि त्यांना महागाईशी जोडा. कर्जत तालुक्यातील आमच्या कार्यकर्त्यांनी ते निवेदन घेऊन प्रथम मिरजगावच्या शाळांत जावे, आणि मग तेथील शिक्षकांना बरोबर घेऊन निराधारांच्या वस्त्यांत जावे.