पोरांत दम नाही म्हणणाऱ्यांना

'हल्लीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांत दम नाही.' एकवीस वर्षं स्टाफरूममध्ये हे वाक्य ऐकतो आहे. गेल्या महिन्यात एका पालक मेळाव्यात ते माईकवरून ऐकलं. बोलणारे गृहस्थ अनुभवी होते आणि मनापासून बोलत होते. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या वेळी कुठे समुपदेशक होते, तरी आम्ही घडलोच. मुलांना हाताला धरून चालवलं तर ती पांगळी होतात. आणि नोकरीची काळजी असेल तर शेवटच्या वर्षाला आम्ही बाहेरून ट्रेनर आणतोच. टाळ्या पडल्या. मला हे तिन्ही मुद्दे चुकीचे वाटतात.

'आमच्या वेळी'पासून सुरुवात करू. 1983 साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकीच नावं होती. मुलं कमी आणि होस्टेल जवळ. सीनियरची ड्रॉइंग शीट, जुन्या प्रश्नपत्रिका, कोणत्या सरांना ओरलला काय विचारायची सवय आहे हे सगळं खालच्या वर्षाला आपोआप मिळायचं. आधार तेव्हाही होता, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नव्हतं. आज जालन्याहून आलेला मुलगा कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा खातो आणि सीनियरला ओळखतही नाही. रॅगिंग आटोक्यात आलं हे उत्तमच झालं. पण त्या भीतीपोटी दोन वर्षांमधलं बोलणंही आपण तोडून टाकलं.

आता पांगळेपणाचं. 15 सप्टेंबरला प्रत्येक कॉलेजात विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. ते बंगळूरहून पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला आले ते म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर. त्या मदतीनं ते पांगळे झाले असं म्हणायची कुणाची छाती आहे?

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षाचा ग्राफिक्सचा तास. फळ्यावर गणित होतं: एक रेषा, एक टोक आडव्या प्रतलाच्या 15 मिलिमीटर वर, उभ्या प्रतलाच्या 20 मिलिमीटर पुढे, दोन्ही प्रतलांशी कललेली. सगळं अर्थात इंग्रजीत. मागच्या बाकावरच्या मुलाची शीट कोरी. ड्राफ्टर नवा, पेन्सिलीला टोक केलेलं, घाम कपाळावर. दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा जवळ गेलो तेव्हा त्यानं हळूच विचारलं, 'सर, इन्क्लाइन्ड म्हणजे?' मी वही काटकोनात उघडून धरली. म्हटलं, 'हे खालचं पान म्हणजे जमीन, हे उभं पान म्हणजे भिंत. आता ही पेन्सिल तिरपी धर.' त्यानं धरली. मग विचारलं, 'वरून पाहिलंस तर जमिनीवर काय दिसेल?' पंधरा मिनिटांत रेषा पुरी झाली, आणि पुढचं गणित त्यानं मला न विचारता सोडवलं. दहावीपर्यंत त्वरण, घर्षण, जडत्व हे मराठी शब्द त्याला पाठ होते. अकरावी-बारावी क्लासच्या नोट्सवर निघाली. दम होता, शब्द नव्हता. आणि तो शब्द द्यायच्या आधी मी दोनदा ओरडलो होतो, हे मला अजून टोचतं.

अशा मुलाचं पुढे काय होतं तेही पाहा. पहिल्या सत्रात गणिताचा एम-वन आणि मेकॅनिक्स राहतात. दुसऱ्या सत्रात त्यांचं ओझं घेऊन तो नवे विषय उचलतो. मग डिफॉल्टर लिस्ट, मग सबमिशनसाठी फायली उतरवणं, आणि एखाद्याचं इयर डाऊन. घरी कुणाला सांगवत नाही, कारण फीसाठी कर्ज काढलेलं असतं. चौथ्या वर्षी कंपनी येते आणि दारातच विचारते: दहावीपासून सगळीकडे साठ टक्के आहेत का? बॅकलॉग आहे का? ज्या दिवशी ट्रेनर ॲप्टिट्यूड आणि ग्रुप डिस्कशन शिकवायला उभा राहतो, त्या दिवशी या मुलाचं नाव यादीत नसतंच. म्हणून माझं ठाम मत आहे, की प्लेसमेंटची तयारी पहिल्या सत्राच्या पहिल्या चाचणीला सुरू होते. चौथ्या वर्षाचं प्रशिक्षण जे आधीच तरलेत त्यांच्याच उपयोगाचं आहे.

यावर 'मग सगळं मराठीतूनच शिकवा' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. 2021पासून तसे वर्ग सुरू झाले, त्यांचं स्वागतच आहे. पण डेटाशीट आणि मुलाखत इंग्रजीतच येणार. मुलाला दोन्ही भाषांमधला पूल हवा आहे: शिकवताना मराठी, लिहिताना इंग्रजी, आणि पहिले दोन महिने दोन्ही शब्द शेजारी शेजारी फळ्यावर. याला एक पैसा लागत नाही.

एआयसीटीईनं नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम सांगितलेला आहे. मी पाहिलेल्या कॉलेजांत तो सत्कार आणि भाषणांत तीन-चार दिवसांत उरकतो. त्याच दिवसांत महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मुलांकडून समोर बसवून भरून घेता येतो. 2024-25पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकार भरतं. तरी एका दाखल्याअभावी मागे राहणाऱ्या मुली मी पाहिल्यात. मन खचलेल्या मुलासाठी टेलिमानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू आहे. तो किती वर्गांच्या दारावर लिहिलाय? वीस मुलांमागे एक पालक-शिक्षक नेमल्याची नोंद प्रत्येक कॉलेजच्या फाईलीत सापडते. त्या वीस जणांपैकी कुणाचा बाप काय करतो हे त्या शिक्षकाला माहीत आहे का, एवढंच विचारा.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. पहिल्या चाचणीचा निकाल लागला की नापासांची यादी बोर्डावर लावण्याआधी ती खिशात घाला, आणि त्याच संध्याकाळी त्या मुलांच्या खोलीवर जा.