मराठी पिक्चर शुक्रवारीच पाहा

सुट्ट्या जोडून आल्या की यवतमाळात घरोघरी विषय निघतो तो पिक्चरचा. पोरांना मारधाड हवी असते, आजीला देवाधर्माचं काही हवं असतं आणि घरातली बाई विचारते, मराठी कोणता लागला? मागच्या दिवाळीत शेजारच्या घरी हीच चर्चा चालली होती. आर्णीकडून मावशी आलेल्या.

"आई, मराठीचा एकच खेळ हाय. रातचा साडेनऊचा," पोरगी मोबाइल पाहून म्हणाली.

"मंग मावशीले परत जायले एस.टी. भेटंन का?"

"नाई भेटणार."

"राहू दे मंग. हिंदीच पाहू."

हे "राहू दे" मला फार लागतं. वाटतं की आपणच पिक्चर निवडला, पण ती निवड खेळांचं वेळापत्रक लागलं तेव्हाच होऊन गेलेली असते. दुपारचे आणि संध्याकाळचे खेळ मोठ्या हिंदी पिक्चरला जातात. मराठीच्या वाट्याला सकाळ येते, नाही तर रात्र.

याची मुळं जुनी आहेत. विदर्भ १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. चित्रपटांच्या धंद्याच्या नकाशात मात्र आपण अजून 'सीपी बेरार' सर्किटमध्येच, म्हणजे जुन्या वितरण-विभागातच आहोत. पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यात शिरलं की 'निझाम' सर्किट लागतं. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ, पण वितरकाच्या वहीत ते दोन वेगळे मुलूख. पिक्चरचे हक्क अशा सर्किटांनुसार विकले जातात. रिळांच्या काळात मोजक्याच प्रिंट निघायच्या, त्या आधी मुंबई-पुण्यात फिरायच्या आणि मग आपल्याकडे यायच्या. आता डिजिटलमुळे पिक्चर एकाच दिवशी सगळीकडे लागू शकतो. अडतं ते पडद्यावर.

त्यातही सणाच्या सुट्टीत एकपडदा टॉकीजवाल्याचे हात बांधलेले असतात. २०१२ सालचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्टला 'एक था टायगर' आला. दिवाळीत १३ नोव्हेंबरला 'जब तक है जान' आणि 'सन ऑफ सरदार' समोरासमोर उभे राहिले. टायगर हवा असेल तर दिवाळीचा पिक्चरही आमचाच घ्या, अशी अट 'एक था टायगर' आणि 'जब तक है जान' काढणाऱ्या यशराजने एकपडदा टॉकीजवाल्यांना घातली, अशी तक्रार 'सन ऑफ सरदार' काढणाऱ्या अजय देवगणच्या कंपनीने स्पर्धा आयोगाकडे केली. आयोगाने ती फेटाळली. पण मला त्यातून कळलं ते एवढंच की अजय देवगणसारख्यालाही दिवाळीच्या पडद्यासाठी भांडावं लागतं. तिथे पहिलाच पिक्चर घेऊन आलेल्या मराठी दिग्दर्शकाला कोण विचारणार?

नुकसान आपलं होतं. सतीश मनवरचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ चा. शेतकरी नवरा जिवाचं काही बरंवाईट करेल या धास्तीने बायको पोराला त्याच्या मागे लावते, त्याच्या खाण्यापिण्याची नको इतकी काळजी घेते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ते घर असं उभं केलं आहे की कापूस पिकवणाऱ्या कुठल्याही गावात ते सापडावं. हा पिक्चर आपल्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये खच्चून भरायला हवा होता.

आपल्या गोष्टी हिंदीतही येतात. पुढच्या वर्षी, १३ ऑगस्ट २०१० ला, ऐन स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत शेतकरी आत्महत्येवरचा 'पीपली लाइव्ह' आला. शेतकऱ्यांची थट्टा होते म्हणून विदर्भ जन आंदोलन समितीने त्यावर बंदी मागितली. ज्यांनी घरची माणसं गमावली त्यांचा संताप मला समजतो. तरीही तो आधी पाहावा आणि मग भांडावं, या मताचा मी आहे. दुसरी गोष्ट वाघिणीची. राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीला गोळी घातली. त्या घटनेच्या खुणा ज्यात अनेकांना दिसल्या तो 'शेरनी' २०२१ मध्ये थेट मोबाइलवर आला. टॉकीज त्याच्या नशिबी आलंच नाही.

टॉकीजवाल्याला दोष देऊन काही होणार नाही. शुक्रवार ते रविवार खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर सोमवारी त्याला वीजबिल दिसतं. आपण मात्र म्हणतो, चांगला आहे असं ऐकू येऊ दे, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात तो पिक्चर तिथे नसतो.

म्हणून एक विनंती. येत्या सुट्टीत घरातल्या पोरांना त्यांचा हिंदी पिक्चर जरूर दाखवा, तो आठवडाभर कुठे जात नाही. त्याआधी शुक्रवारी किंवा शनिवारी घरच्या बायांना घेऊन मराठी पिक्चर पाहा. एस.टी.त बायांना निम्मंच तिकीट लागतं. वेळ सोयीची नसेल तर टॉकीजच्या मॅनेजरला भेटा आणि सांगा की दुपारचा खेळ लावा, आम्ही मोहल्ल्यातले वीसजण येतो. आणि सांगितलं तर खरंच या.