घरातले साहेब

गेल्या रविवारी कन्येच्या आग्रहास्तव ‘हॉरिबल बॉसेस’ हा २०११ सालचा अमेरिकन चित्रपट पाहिला. तीन मित्र, आणि तिघांनाही आपापल्या वरिष्ठांनी जेरीस आणलेले. एक जण बढतीच्या आशेने पहाटेपासून राबतो आणि ती बढती साहेब स्वतःच घेऊन टाकतो. दुसरा एका दंतवैद्य बाईंचा साहाय्यक. त्यांच्या लैंगिक छळाने तो हैराण आहे. तिसऱ्याचे सज्जन मालक हृदयविकाराने जातात आणि कंपनी त्यांच्या व्यसनी मुलाच्या हाती येते. नोकरी सोडावी, तर दुसरी मिळण्याची शाश्वती नाही. अखेर तिघे साहेबांचा काटा काढण्याचा बेत आखतात आणि तो पावलोपावली फसत जातो.

पुष्कळ हसलो. दोन ठिकाणी मात्र हसू ओसरले. साहेबामुळे पहिल्या मित्राला आपल्या आजीचा अखेरचा निरोप घेता येत नाही. दुसरा आपला छळ मित्रांना सांगतो, तेव्हा ते त्याची थट्टाच करतात.

चित्रपटाने जे विनोदाने मांडले, त्याची वैद्यकशास्त्राने गांभीर्याने नोंद घेतलेली आहे. लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ नावाने ओळखला जाणारा दुसरा अभ्यास १९८५ साली सुरू झाला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात असे आढळले, की ज्यांचे आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक होते. कामाचा भार एक वेळ माणूस पेलतो; पण आपल्या शब्दाला किंमत नाही, ही जाणीव शरीराला पोखरत राहते.

कचेरीतल्या साहेबांविषयी आपण तावातावाने बोलतो. परंतु ज्या घरात रुग्णसेवेसाठी बाई किंवा मदतनीस ठेवलेले असतात, तेथे साहेब कोण? आपणच!

काही वर्षांपूर्वी अर्धांगवायू झालेल्या एका वृद्ध गृहस्थांना तपासण्यासाठी त्यांच्या घरी गेलो होतो. पाठीच्या खालच्या भागावर शय्याव्रण झाला होता, चांगला खोल. मुलगा रागाने म्हणाला, “डॉक्टर, चोवीस तासांची बाई ठेवली आहे, पण दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेते.” मी बाईंना बाजूला नेऊन विचारले, “ताई, रात्री कितीदा उठावे लागते?” त्या म्हणाल्या, “पाच-सहा वेळा. काकांना एकटीनं वळवायला जमत नाही, डॉक्टर.” त्यांचा रक्तदाब मोजला. तो १६०/१०० होता. त्या घरात रक्तदाबाचे यंत्र होते. पण तो पट्टा त्यांच्या दंडाला कोणी कधी बांधला नव्हता.

नंतर त्यांनी जे सांगितले, ते मी विसरू शकलेलो नाही. “लाल डाग मला चार दिवस आधीच दिसला होता. पण सांगितलं असतं, तर माझ्यावरच आलं असतं.”

ते चार दिवस मोलाचे होते. बोटाने दाबल्यावरही फिकी न पडणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली पायरी असते. त्या जागेवरील दाब तेव्हाच दूर केला, तर जखम बहुधा टळते. येथे भीतीने बाईंचे तोंड बंद केले आणि त्याची किंमत रुग्णाने मोजली. पुढे ती जखम भरायला तीन महिने लागले.

म्हणून काही गोष्टी आवर्जून सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. हवेची गादी असली तरी हे चुकत नाही. हे काम एकट्या माणसाचे नव्हे. रात्रीची पाळी घरच्यांनी वाटून घ्यावी, बाईंना सलग झोप आणि आठवड्यातून एक सुट्टी द्यावी. रोज संध्याकाळी विचारावे, “आज काही वेगळे दिसले का?” आणि उत्तर काहीही आले, तरी आवाज चढवू नये.

आणखी एक नाजूक बाब. स्मृतिभ्रंशात काही रुग्णांचा संयम सुटतो आणि अंघोळ घालताना अनुचित स्पर्श घडतात. आजार हे त्याचे कारण असले, तरी बाईंनी ते निमूट सोसावे असे नाही. त्यांच्या तक्रारीवर हसू नका. वेळीच डॉक्टरांशी बोला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरालाही कामाचे ठिकाण मानले आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि ज्या घरात हे सारे काम सून किंवा मुलगी करते, तेथे तर राजीनाम्याचीही सोय नसते. तिची झोप कोणी मोजायची?

चित्रपट संपल्यावर कन्येने विचारले, “बाबा, तुमचे कंपाउंडर तुमच्याविषयी काय म्हणत असतील हो?” दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी त्यांना तो प्रश्न विचारला. ते नुसतेच हसले. त्या हसण्याचा अर्थ शोधणे अजून चालू आहे.