शेखाडीचा किनारा आणि व्यासपीठावरचा कायदा

गेल्या आठवड्यात पुण्यात राष्ट्रीय सुरक्षा आणि दहशतवादविरोध या विषयावर एका नेत्यांचे व्याख्यान ऐकले. त्यांचे सूत्र एकच होते: कायदे सौम्य होते तेव्हा हल्ले झाले, कायदे कठोर झाले आणि देश सुरक्षित झाला. वक्तृत्व उत्तम होते. कालक्रम मात्र जुळत नव्हता, म्हणून हा धागा.

१२ मार्च १९९३. मुंबईतील साखळी स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी देशात टाडा लागू होता. १९८५ मध्ये आलेला आणि १९८७ मध्ये नव्याने संमत झालेला हा कायदा पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबही पुरावा म्हणून ग्राह्य धरत असे. कठोरपणात काही उणे नव्हते.

उणीव होती ती रायगडच्या किनाऱ्यावर. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला शस्त्रास्त्रे उतरली. ती नेणारी वाहने पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवलीसुद्धा होती. लाच घेऊन सोडून दिली. पुढच्याच महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरले. सीमाशुल्क खात्यातील काही अधिकारीही या व्यवहारात सामील होते, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले.

माझे आजोळ श्रीवर्धन. शेखाडी तेथून जवळच. ‘आरडीएक्सवाले गाव’ हा शब्द तेथील माणसांनी कित्येक वर्षे ऐकला आहे. चौकीतल्या लाचेबद्दल त्यांना कोणी विचारले नाही. त्यामुळे हा विषय मला केवळ अभ्यासाचा वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२६ नोव्हेंबर २००८. मकोका १९९९ पासून होता आणि २००४ च्या दुरुस्तीने यूएपीएला दहशतवादविरोधी कलमे मिळाली होती. तरीही दहा जण पुन्हा समुद्रमार्गेच आले. कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत त्यांना हटकले ते कोळी रहिवाशांनी. कसाब जिवंत हाती लागला तो तुकाराम ओंबळे यांच्यामुळे, आणि त्यांच्या हाती केवळ लाठी होती. दीड तासाच्या भाषणात किनारा एकदाही आला नाही. ओंबळे यांचे नाव आले, पण टाळ्यांसाठी.

प्रश्नोत्तरांत मी टाडाचे वर्ष सांगून विचारले, “साहेब, कायदा होता, मग माल उतरला कसा?” ते म्हणाले, “बाळ, तो कायदा नसता तर शिक्षा तरी झाली असती का?” सभागृह हसले. उत्तर सर्वस्वी चुकीचे नव्हते, हे मान्य करतो: त्या खटल्यात शंभर जण दोषी ठरले, त्यांत ते पोलीसही होते. पण ते निकाल लागले २००६-०७ मध्ये, आणि मी विचारत होतो १९९३ च्या जानेवारीतल्या त्या रात्रीबद्दल. गोंडघर फाट्याविषयी ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या श्रोत्याकडे ध्वनिक्षेपक गेला.