प्रहार आणि निग्रह

कौले फुटली की मंडप टाळ्यांनी दणाणतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात कराटेच्या पांढऱ्या वेशातील मुलगी एका प्रहारात कौलांची चळत फोडते, प्रमुख पाहुणे मान डोलावतात आणि मुलगी आता निर्धास्त झाली, असा समज होतो. हा समज घातक आहे. कौल उलट वार करत नाही की मागे सरत नाही.

गोंदिया जिल्ह्यात तर याचा विचार अधिक गांभीर्याने व्हायला हवा. देवरी, सालेकसा या तालुक्यांत गावे विखुरलेली, वाटा जंगलातल्या. तेथील मुलींना स्वसंरक्षण शिकवलेच पाहिजे, याविषयी दुमत असू नये. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचे प्रशिक्षण आहे, ते स्वागतार्हच. परंतु एवढ्या अवधीत बळाचे प्रदर्शन तेवढे साधते. पावलांचा तोल, पडताना डोके सांभाळणे, ऐन क्षणी प्रहार रोखणे या गोष्टींना वेळ लागतो आणि टाळ्याही मिळत नाहीत.

जुन्या आखाड्यांना हे पुरते ठाऊक होते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान दिलेल्या दांडपट्ट्याचेच उदाहरण घ्यावे. पट्टेकऱ्याचा हात कोपरापर्यंत पोलादी आवरणात बंद असतो. मनगट वळत नाही, पाते मात्र लवलवते. सारा ताबा खांद्याचा आणि पावलांचा. तो सुटला तर पाते फिरवणाऱ्याच्याच अंगावर येते. म्हणून पट्टेकऱ्याचे कसब पाहायचे ते जमिनीवर ठेवलेले लिंबू कापताना. लिंबू कापायला बळ ते कितीसे लागणार!

आधुनिक क्रीडाजगतालाही हा दंडक मान्य आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये कराटेच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा आघाडीवर होता. त्याच्या अनियंत्रित लाथेने इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला बाद केले आणि सुवर्णपदक पडलेल्या खेळाडूला मिळाले.

खऱ्या संकटात मुलीने हात का आवरावा, असा आक्षेप घेतला जाईल. पण येथे प्रश्न दयेचा नाहीच. सगळा भार झोकून दिलेला वार हुकला की मारणारीच पुढे कोलमडते, आणि पळून जाण्याची संधी हातची जाते. सरावातही बेभान हात प्रथम लागतो तो मैत्रिणीलाच. एकदा दात पडला की घरचे लोक तिचे शिक्षण बंद करतात.

विदर्भात जाणत्या शिक्षकांची वाण नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी व्यायामाचे धडे देत आले आहे. अशा परंपरेत घडलेल्या शिक्षकांकडे ही शिबिरे सोपवावीत आणि पहिला महिनाभर एकही ठोसा शिकवू नये. स्नेहसंमेलनात काही दाखवायचेच असेल, तर समोरच्या मैत्रिणीपासून बोटभर अंतरावर थांबलेली मूठ दाखवावी. पाहुण्यांना तिचे मोल कळेल की नाही, हा भाग निराळा.